रिपोर्ट म्हणतो 'टार्गेट हार्ट रेट गाठला नाही': जन्मजात हार्ट ब्लॉक असलेल्या मुलीची टीएमटी वाचायची कशी?

तालुका_ओपीडी

१० वर्षांची मुलगी, वजन २९ किलो, उंची १३४ सेंमी. शाळेच्या आरोग्य तपासणीत नाडी फार कमी लागली म्हणून पाठवलेली. ईसीजीत कम्प्लिट हार्ट ब्लॉक: पी लहरी (वरच्या कप्प्यांचे ठोके) ९५ च्या गतीने, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांचे ठोके) ५२ च्या गतीने, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. क्यूआरएस अरुंद, ८० मिलिसेकंद. टू-डी इकोत रचना नॉर्मल, डावा खालचा कप्पा वयाच्या मानाने जरा मोठा, ईएफ (दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर जातं) ६४%. चक्कर नाही, बेशुद्धी नाही.

जिल्ह्याला पाठवून टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी) करून घेतली. ब्रूस प्रोटोकॉल (दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो), १० मिनिटं २० सेकंद चालली, पाय भरून आले म्हणून थांबली. ठोके ५२ वरून १०४. बीपी १०२/५८ वरून १४८/५६. तिसऱ्या टप्प्यात चार-पाच सुटे व्हीपीसी (खालच्या कप्प्यातून अवेळी निघालेले ठोके). खाली छापील शेरा: 'कमाल अपेक्षित हार्ट रेटच्या ५०%. टेस्ट अनिर्णायक. क्रोनोट्रॉपिक इनकॉम्पिटन्स.' (म्हणजे गरजेइतके ठोके न वाढणं.)

टेस्ट वाया गेली असं धरून पुन्हा करायची का? ठोके १०४ च्या वर गेले नाहीत एवढ्यावरून पेसमेकर लागतो का? आणि शाळेला काय लिहून देऊ? त्यांना 'सर्व खेळ बंद' असं पत्र हवंय, मुलीचं नाव खो-खोच्या संघात आहे.

'ब्लॉक' शब्द कानावर पडल्यापासून वडील अँजिओग्राफी कुठे करायची ते विचारताहेत, तो भाग वेगळाच.

---

हिसबंडल

वडिलांपासून सुरुवात करू, कारण तो गैरसमज राहिला तर पुढचं काहीच डोक्यात शिरत नाही. आपल्याकडे ब्लॉक म्हणजे रक्तवाहिनीत साचलेली चरबी, मग फुगा, मग स्टेंट. त्यांना सांगा की हिच्या नळ्या स्वच्छ आहेत, पंपही चांगला आहे. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे हुकूम नेणारी तार जोडलेली नाही. खालचे कप्पे आपल्याच एका राखीव केंद्रावर चालताहेत. अँजिओग्राफीत दिसण्यासारखं काही नाही.

आता टेस्ट. वाया अजिबात गेलेली नाही. तो शेरा मशीनने छापलाय. मशीनला दोनच गोष्टी ठाऊक असतात: वय आणि २२० उणे वय. २१० चे ८५% म्हणजे १७९, त्याच्या आत थांबलं की 'अनिर्णायक'. हा नियम मोठ्या माणसांत छातीत दुखण्याचं कारण शोधताना वापरायचा. लहान मुलांत तो मुळातच ढोबळ आहे आणि कम्प्लिट हार्ट ब्लॉकमध्ये तर निरर्थक, कारण तो आकडा सायनस नोडसाठी, म्हणजे वरच्या कप्प्यातल्या मूळ केंद्रासाठी आहे. हिचा सायनस नोड बहुधा १८० च्या वर गेलाच असेल. फक्त तो निरोप खाली पोचत नाही.

खाली राज्य चालतं ते एस्केप ऱ्हिदमचं, म्हणजे त्या राखीव केंद्राच्या ठोक्यांचं. क्यूआरएस अरुंद आहे म्हणजे ते केंद्र हिस बंडलच्या वरच्या भागात, जंक्शनजवळ आहे. तिथे अ‍ॅड्रिनलिन पोचतं, म्हणून व्यायामात ठोके वाढतात, पण सायनस नोडइतके नाही. विश्रांतीत ४५ ते ६० आणि व्यायामाच्या शेवटी ९० ते १२० च्या घरात, असं चित्र बिनतक्रार मुलांत नेहमी दिसतं. ५२ चे १०४, म्हणजे दुप्पट. ही चांगली वाढ आहे. रुंद क्यूआरएसचं, खालून निघणारं केंद्र असतं तर ते ४० वरून ५५-६० पर्यंत जेमतेम गेलं असतं, आणि मग या पानावरची चर्चा वेगळी झाली असती.

मग ही मुलगी चौथ्या टप्प्यापर्यंत पोचली कशी? एका ठोक्यात जास्त रक्त फेकून. आकडे समजण्यापुरते घ्या, तिची मोजलेली मापं समजू नका. याच वयाची निरोगी मुलगी विश्रांतीत ८५ ठोके गुणिले ४२ मिली, म्हणजे मिनिटाला सुमारे ३.६ लिटर. ही ५२ गुणिले ६८, सुमारे ३.५ लिटर. व्यायामाच्या टोकाला निरोगी मुलगी १९५ गुणिले ५५, म्हणजे १०.७ लिटर. ही १०४ गुणिले ८८, म्हणजे ९.२. ठोके जवळपास निम्मे, पण रक्ताचा पुरवठा थोडाच कमी. उरलेली तूट स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त ओढून घेऊन भरतात.

तिच्या रिपोर्टमध्ये याच्या खुणा आहेत. डावा कप्पा जरा मोठा आहे तो यासाठीच, एका ठोक्यात जास्त रक्त मावावं म्हणून. बीपी १४८/५६, वरच्या-खालच्या आकड्यात ९२ चं अंतर, हीसुद्धा मोठ्या स्ट्रोक व्हॉल्यूमची (एका ठोक्यात फेकलेल्या रक्ताची) खूण. कप्पा मोठा दिसला की लगेच 'हृदय सुजलं' असं घरच्यांना सांगू नका. कप्पा मोठा होत जाऊन ईएफ खाली यायला लागला तर मात्र गोष्ट निराळी.

---

ट्रेडमिल_तिसरा_टप्पा

हिसबंडल सरांशी सहमत, पण त्याआधी एक शंका. डॉक्टर, तो १०४ खरा आहे का? या मुलांत टीएमटी मशीन ठोके मोजताना हमखास चुकतं. टी लहर (क्यूआरएसनंतर येणारी) उंच असली तर मशीन तिलाही ठोका समजतं आणि आकडा दुप्पट होतो. कधी पी लहर टी वर चढून बसते, दोन्ही मिळून टोक तयार होतं आणि तेही मोजलं जातं. उलट, हालचालीने रेघ हलली की खरे ठोके गळतात. ५२ चे बरोब्बर १०४ दिसले की पहिला संशय हाच.

मूळ पट्टी मागवा. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी असेल तर १५० मिमी म्हणजे ६ सेकंद. तेवढ्या तुकड्यातले क्यूआरएस मोजा, गुणिले १०. मग त्याच तुकड्यातल्या पी मोजा, गुणिले १०. काही पी क्यूआरएसच्या पोटात लपतात. दोन सुट्या पींमधलं अंतर कागदाच्या कडेवर खुणेने घ्या आणि तीच खूण पुढे सरकवत न्या, लपलेल्या कुठे आहेत ते कळतं. हे व्यायामाआधी, प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या मिनिटाला आणि रिकव्हरीच्या १, ३ आणि ५ मिनिटांना करायचं. रिपोर्टमध्ये दोन रकाने हवेत: वरच्या कप्प्यांची गती आणि खालच्या कप्प्यांची गती. एकच 'हार्ट रेट' लिहिलेला रिपोर्ट अर्धा रिपोर्ट.

१० मिनिटं २० सेकंदही तपासून घ्या: दांडा धरून चालली की न धरता? या वयाच्या मुली ब्रूसवर साधारण ११-१२ मिनिटं जातात. न धरता १०:२० असेल तर ती सोबतच्या मुलींच्या फार मागे नाही. दांड्यावर भार टाकून चालली असेल तर दीड-दोन मिनिटं फुकटची मिळालेली असू शकतात.

पुढच्या वेळी टेस्ट करणाऱ्यांना चिठ्ठी देणार असाल तर एवढं लिहा:

टेस्टच्या दोन तास आधी हलकं खाणं, पायात बूट (चपलेवर चौथा टप्पा जमत नाही, ६.८ किमी वेग आणि १६% चढ असतो). हाता-पायाचे इलेक्ट्रोड धडावर, खांद्याखाली आणि कमरेच्या वर. त्वचा स्पिरिटने नीट पुसून, वायरी टेपने चिकटवून वरून जाळीची बनियन. बीपी हाताने मोजायचं, आपोआप फुगणारा पट्टा धावताना चुकीचं सांगतो. पट्ट्यातल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४०% असावी. मोठ्यांचा पट्टा लावला तर बीपी कमी येतं आणि 'व्यायामात बीपी वाढलं नाही' असा खोटा घोळ होतो.

खोलीत डिफिब्रिलेटर, मुलांच्या मापाचे बाहेरून पेसिंग करता येणारे पॅड, अ‍ॅट्रोपीन आणि आयसोप्रिनलिन हाताशी. बहुतेक वेळा काही होत नाही, पण याशिवाय टेस्ट सुरू करू नये.

थांबवायचं ते आकड्यावर नव्हे, या गोष्टींवर: व्हीपीसी जोडीने किंवा तिघांच्या रांगेत यायला लागले, क्यूआरएस रुंद झाला, भार वाढत असताना वरचं बीपी १० ने खाली आलं, चेहरा पांढरा पडला किंवा गरगरलं, किंवा चालताना खालची गती वाढायच्या ऐवजी घटली. मुलगी स्वतः 'बास' म्हणाली तर ती म्हणेल तेव्हा. आणि एकदम थांबवून खुर्चीत बसवायचं नाही. एक-दोन मिनिटं हळू चाल, मग बसवून ८-१० मिनिटं रेकॉर्डिंग. या मुलांत महत्त्वाचं काही निघालं तर पुष्कळदा रिकव्हरीत निघतं आणि तेव्हा अनेक ठिकाणी वायरी काढून झालेल्या असतात.

---

तालुका_ओपीडी

पट्टी मागवून मोजली. शेवटच्या मिनिटाला १५० मिमीत क्यूआरएस १०, पी १८. म्हणजे खाली १००, वर १८०. १०४ खोटा नव्हता. दांडा धरला नव्हता. व्हीपीसी तिसऱ्या टप्प्यात ५, सगळे एकाच आकाराचे, चौथ्यात एकही नाही, रिकव्हरीच्या दुसऱ्या मिनिटाला २. जोडी नाही. क्यूआरएस शेवटपर्यंत ८०.

वरचे १८० आणि खालचे १०० शेजारी शेजारी लिहून वडिलांना दाखवले. तारेची गोष्ट तेव्हा पटली.

---

हिसबंडल

झकास. आता पेसमेकरचा प्रश्न.

'ठोके टार्गेटला गेले नाहीत' हे एकटं पेसमेकरचं कारण होत नाही. कारणं अशी: बेशुद्धी किंवा चक्कर, मंद ठोक्यांमुळे आलेला थकवा, डाव्या कप्प्याचं काम ढासळणं, रुंद क्यूआरएसचा एस्केप, गुंतागुंतीचे व्हीपीसी. यांपैकी एकही असेल तर चर्चा संपली, पेसमेकर. तक्रार नसलेल्या, वर्षाच्या वरच्या मुलात २४ तासांची सरासरी गती ५० च्या खाली असेल, किंवा दोन ठोक्यांत नेहमीच्या अंतराच्या दुप्पट-तिप्पट थांबे येत असतील, तर पेसमेकरकडे झुकायचं. तान्ह्या बाळाला मापं वेगळी: रचना नॉर्मल असताना ५०-५५ च्या खाली, हृदयात जन्मजात दोषही असेल तर ७० च्या खाली.

यातला निम्मा भाग टीएमटीत कळत नाही, त्याला होल्टर (२४ तास अंगावर लावलेला ईसीजी) लागतं. टीएमटी सांगते की केंद्राला ढोसल्यावर ते किती धावतं. होल्टर सांगतं की पहाटे तीन वाजता कोणी ढोसत नसताना ते किती झोपतं. दोन्ही लागतात. होल्टरमध्ये सरासरी गती, सर्वांत लांब थांबा, रात्रीची किमान गती आणि व्हीपीसींचा प्रकार बघा. रात्री ३५-४० दिसलं तर एकदम घाबरायचं नाही. तेवढ्यात क्यूआरएसचा आकार बदलला किंवा अचानक ३ सेकंदांचा थांबा आला, तर घाबरायचं.

'तक्रार नाही' हे वाक्य लिहिण्याआधी पुन्हा विचारा, वेगळ्या शब्दांत. 'चक्कर येते का?' याला उत्तर 'नाही' येतं. त्यापेक्षा विचारा: शाळेतून आल्यावर झोपते का? रात्री दचकून उठते का, वाईट स्वप्नं पडतात का? डबा उरतो का? जिने चढताना बोलणं थांबतं का? खेळात राज्य घ्यायला आपणहून पुढे होते की पंच होऊन कडेला बसते? 'ती जात्याच शांत आहे' असं आई म्हणाली तर ते तसंच लिहून ठेवा. जन्मापासून मंद ठोक्यांवर वाढलेल्या मुलाला वेगळं काही असतं हेच माहीत नसतं. त्याचा थकवा त्याच्या स्वभावात जमा होतो.

टीएमटीच्या पट्टीवर क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लहरीच्या शेवटापर्यंतचा वेळ) मोजलात का? यातल्या काही मुलांत क्यूटी लांब असतो आणि तोही पेसमेकरकडे झुकवणारा मुद्दा. मंद गतीत बॅझेटच्या सूत्राने क्यूटीसी (गतीनुसार दुरुस्त केलेला क्यूटी) कमी दिसतो. ५२ च्या गतीला दोन ठोक्यांत १.१५ सेकंद, त्याचं वर्गमूळ १.०७, म्हणजे ४८० चा क्यूटी भागून ४४८ वर येतो आणि सभ्य दिसतो. म्हणून फक्त सूत्राचा आकडा नको, टी लहरीचा आकारही बघा. ज्या ठोक्याच्या टी वर पी बसलेली नाही असेच ठोके मोजायला घ्या.

व्हीपीसी: सुटे, एकाच आकाराचे, जोर वाढल्यावर नाहीसे झालेले. या ब्लॉकमध्ये व्यायामात सुटे व्हीपीसी सामान्य आहेत. लक्ष ठेवायचं, घाई नाही.

एक राहिलंच. आईचं रक्त अँटी-रो आणि अँटी-ला साठी पाठवा. या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात आणि साधारण १६ ते २४ आठवड्यांत ही तार जाळतात. आईला सांधेदुखी, कोरडे डोळे, काहीच नसलं तरी असू शकतात. मोठ्या वयात सापडलेल्या मुलांच्या आया पुष्कळदा निगेटिव्ह निघतात, पण पुढचं मूल हवं असेल तर माहिती लाखमोलाची आहे. आधीच्या मुलात असा ब्लॉक झालेला असेल तर पुढच्या गरोदरपणात तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण १५ ते २०% असते आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने ती कमी होते. आई निगेटिव्ह आली तर मुलीला घटसर्प किंवा हृदयाच्या स्नायूची सूज होऊन गेली का हेही विचारा. ब्लॉक जन्मजात आहे हे आपण धरून चाललोय, जुना ईसीजी तर कोणाकडे नाही.

आणि पेसमेकर नसेपर्यंत बीटा-ब्लॉकर कुठल्याही कारणाने नको, मायग्रेनसाठीसुद्धा नाही. हे फाइलवर लाल शाईने.

---

फिजिओ_दक्षिण

याच धाग्यात विचारते. पेसमेकर बसवलेला ८ वर्षांचा मुलगा, कारण हेच. ड्युअल चेंबर (वरच्या आणि खालच्या दोन्ही कप्प्यांत तार), डबी पोटात. चालणं उत्तम. पळायला लागला की पहिलं मिनिट छान, मग कुणी स्विच बंद करावा तसा थबकतो, उकिडवा बसतो. मिनिटभराने पुन्हा ठीक. टू-डी इको चांगला, तपासणीत 'पेसमेकर नॉर्मल, बॅटरी उत्तम' असा शेरा. घरचे म्हणतात लाड झालेत. सेटिंगचा कागद: किमान ६०, कमाल ट्रॅकिंग (वरच्या ठोक्यांमागे खालचे जास्तीत जास्त किती न्यायचे) १५०, एव्ही डिले (वरच्या ठोक्यानंतर खालचा देण्याआधीची वाट) १५०, पीव्हीएआरपी (खालच्या ठोक्यानंतर वरचे ठोके न बघण्याचा काळ) २८० मिलिसेकंद.

---

मिलिसेकंद

लाड नाहीत. कागदातच उत्तर आहे.

वरच्या कप्प्याचा ठोका पकडल्यापासून पेसमेकर जितका वेळ पुढचा ठोका बघायला तयार नसतो, तो वेळ म्हणजे एव्ही डिले अधिक पीव्हीएआरपी. १५० अधिक २८०, म्हणजे ४३० मिलिसेकंद. ६०,००० भागिले ४३० म्हणजे १३९.५. सायनस १४० ओलांडतो त्या क्षणी दर दुसरी पी या आंधळ्या काळात पडते आणि पेसमेकर एकाआड एक ठोका सोडतो. खालची गती १३९ वरून एकदम ७०. ऐन धावेत निम्मं रक्त. उकिडवा बसणारच. बसला की सायनस १४० च्या खाली येतो, एकास एक सुरू, पोरगा पुन्हा पळायला तयार. अगदी तुम्ही लिहिलंय तसं.

कमाल ट्रॅकिंग १५० ठेवलंय, पण गाडी १४० लाच कोलमडते. त्यामुळे मधली हळूहळू ठोके गाळण्याची, वेंकेबाखची, पायरीसुद्धा मिळत नाही. मोठ्या माणसाचं सेटिंग आहे हे. साठीच्या गृहस्थाला १४० पुष्कळ झाले, आठ वर्षांच्या मुलाचा सायनस पळताना १८०-१९० ला जातो.

सेटिंग करणाऱ्यांशी बोलायचे मुद्दे:

गतीनुसार आपोआप आखडणारा एव्ही डिले चालू करणं, जोराच्या वेळी ८० पर्यंत. पीव्हीएआरपीही गतीनुसार, किमान २०० पर्यंत. ८० अधिक २०० म्हणजे २८०, ६०,००० भागिले २८० म्हणजे २१४. आता कमाल ट्रॅकिंग १९० ठेवता येतं. सायनस त्याच्या वर गेला तरी २१४ पर्यंत एखाद-दुसरा ठोका गळेल, एकदम निम्मे होणार नाहीत.

पीव्हीएआरपी लहान करण्याचा धोका म्हणजे खालून उलट वर गेलेला ठोका पकडून पेसमेकर स्वतःच्याच शेपटीमागे धावणं. कम्प्लिट ब्लॉकमध्ये उलटी वाट बहुधा बंद असते, पण 'बहुधा' वर सोडू नका. खालचं पेसिंग करून बघा उलट वहन आहे का, आणि ती चक्रगती तोडणारी सोय चालू ठेवा.

सर्वांत जास्त वेळा निसटणारी गोष्ट: मोड स्विच. वरच्या कप्प्यांची गती १७०-१८० च्या वर गेली की हे एट्रियल टॅकीकार्डिया आहे असं समजून पेसमेकर ट्रॅकिंगच सोडून देतो. मोठ्यांसाठी योग्य. पोरगा पकडापकडी खेळत असेल तर आपत्ती. वरची सगळी सेटिंगं सुधारून हे तसंच राहिलं तर तक्रार १४० ऐवजी १७५ ला येईल, एवढाच फरक. मर्यादा २२० च्या वर न्यावी किंवा सोय बंद करावी. मेमरीत 'मोड स्विच' च्या नोंदी बघा: शाळा सुटायच्या वेळच्या, दोन-दोन मिनिटांच्या असतील तर उत्तर मिळालं.

मग ट्रेडमिलवर चढवून, प्रोग्रॅमर लावून बघायचं. खोलीत पाठीवर झोपवून केलेल्या तपासणीत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून 'पेसमेकर नॉर्मल' हा शेरा खोटा नाही, अपुरा आहे. पळताना पी लहरीची उंचीही घटते. झोपून १.२ मिलिव्होल्ट मिळते म्हणून सेन्सिटिव्हिटी ०.८ ठेवली तर पळताना पी हरवतात. ०.३ ते ०.५ बघा.

डबी पोटात आणि तारा हृदयाच्या बाहेरून शिवलेल्या, म्हणजे एपिकार्डियल. त्या युनिपोलर (एक टोक हृदयावर, दुसरं डबीच) असतील तर पोटाच्या स्नायूंची वीज ठोका समजली जाऊन पेसिंग थांबू शकतं. त्याला उठाबशा, झोपून पाय उचलणं, तळहात एकमेकांवर दाबणं असं करायला लावून इलेक्ट्रोग्राम बघा. वाढत्या मुलात तारही ताणली जाते. रेझिस्टन्सचा जुना आलेख काढा, अचानक उडी किंवा घसरण दिसली तर छातीचा एक्स-रे.

सिंगल चेंबर, व्हीव्हीआयआर असलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे पेसमेकर सायनसचं ऐकतच नाही, आतला हालचालीचा सेन्सर सांगेल तसं वाढवतो. त्या सेन्सरला हिसका कळतो, कष्ट कळत नाहीत. सायकल चालवताना धड स्थिर, म्हणून ठोके वाढत नाहीत. ट्रेडमिलवर चढ वाढवला तर काही नाही, वेग वाढवला तर वाढतात. गड चढताना मूल धापा टाकतं आणि सेन्सर म्हणतो आरामात चाललंय. उतरताना धक्के बसतात तेव्हा उगाच ठोके वाढवतो. म्हणून या मुलांचं सेटिंग ब्रूसवर ठरवू नका. कॉरिडॉरमध्ये आधी चाल, मग पळणं, मग दोन मजले जिना, आणि लगेच पेसमेकरमधला ठोक्यांचा हिस्टोग्राम.

---

फिजिओ_दक्षिण

मोड स्विच १७० ला लावलेला आहे. हा सगळा मजकूर छापून त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते आहे. स्मार्टवॉचवर घरचे ठोके बघतात, चालेल का?

---

ट्रेडमिल_तिसरा_टप्पा

कल बघायला चालेल, निर्णयाला नाही. घड्याळ मनगटात पोचलेली नाडी मोजतं. व्हीपीसीचा ठोका कमजोर असतो, तो मनगटापर्यंत पोचत नाही आणि गळतो. 'फॅट बर्न', 'कार्डिओ' असे पट्टे परत २२० उणे वयावरच बेतलेले, ते बंद करून टाका. मात्र पळताना १३५-१४० वरून एकदम ७० असा आलेख सापडला तर त्याचा फोटो जरूर ठेवा. घड्याळाचा चुंबकी चार्जर आणि मोबाइल डबीपासून वीतभर लांब.

---

मैदान_आखणी

शाळेच्या पत्राबद्दल. 'सर्व खेळ बंद' हे पत्र सोपं असतं, कारण त्यात लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते. या मुलीला ते लागू नाही. २०१५ च्या अमेरिकन हृदयरोग संघटनांच्या शिफारशी पाहिल्या तर रचना नॉर्मल, काम नॉर्मल, बेशुद्धी नाही, क्यूआरएस अरुंद, विश्रांतीत ४० च्या वर आणि व्यायामात वाढणारे ठोके, व्हीपीसी नाहीत किंवा क्वचित, अशांना स्पर्धात्मक खेळांचीही मुभा देता येते. होल्टर येईपर्यंत स्पर्धा थांबवा, पीटी थांबवू नका.

पत्रात 'झेपेल तेवढं' असं लिहू नका, पीटीच्या सरांना त्यातून काही कळत नाही. असं लिहा:

सुरुवातीला ८-१० मिनिटं वॉर्म-अप सक्तीचा. तिचं केंद्र हळू तापतं. थंड अंगाने शंभर मीटर पळवलं तर पहिल्या अर्ध्या मिनिटात ती मागे पडते. शेवटी ५ मिनिटं चालत शांत होणं. एकदम उभं केलं तर पायात रक्त साचतं, परत येणारं रक्त घटतं आणि गरगरतं.

थांबण्याचा हक्क तिचा. 'अजून एक फेरी' नाही, शिक्षा म्हणून फेऱ्या नाहीत, बीप टेस्टचे गुण नाहीत. नाडी मोजून जोर ठरवू नका. एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर ठीक, शब्द तुटायला लागले तर कमी करा.

पाणी. हे मी सर्वांत वर ठेवतो. तिची सगळी राखीव ताकद एका ठोक्यात मावणाऱ्या रक्तावर आहे. ठोके वाढवून भरपाई करायला तिला फारशी जागा नाही. अंगातलं पाणी घटलं तर इतर मुलांची नाडी वाढते, हिचं बीपी पडतं. उन्हात दर १५-२० मिनिटांनी १५०-२०० मिली, तहान लागो न लागो. एप्रिल-मे मध्ये सराव सकाळी आठच्या आत. जुलाब, ताप, उपास यांच्या दिवशी मैदानावर फक्त बसायला.

खो-खो तिला सोसण्यासारखा आहे, पळती छोटी, मध्ये बसायला मिळतं. बचावात लांब टिकावं लागणारी जागा सध्या देऊ नका. पोहणं चालेल, काठावर तिच्यावर लक्ष असणारा मोठा माणूस हवा.

फिजिओ मॅडमच्या मुलासाठी यादी वेगळी, कारण तिथे डबी आणि तारा सांभाळायच्या आहेत. कबड्डी, कुस्ती, ज्यूदो नाही. मल्लखांबही नाही, पोटाची पकड थेट डबीवर येते. लेदर बॉल क्रिकेट गार्ड लावून.

दोघांच्याही सरांना एक कागद हातात द्या: कोसळली तर आडवं करा, हाक मारा, श्वास बघा. श्वास नाही किंवा आचके देत असेल तर छातीच्या मधोमध दाब, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, साधारण ५ सेंमी, मिनिटाला १०० ते १२०, ३० दाबांना २ श्वास. दुसऱ्याने १०८ लावायचा. 'फिट आली' म्हणून कांदा-चप्पल हुंगवत बसायचं नाही. या मुलांची पहिली बेशुद्धी फिट समजून आकडीच्या गोळ्यांवर काढलेली वर्षं फायलींत सापडतात.

---

तालुका_ओपीडी

होल्टर आलं. सरासरी ५६, किमान ३९ (पहाटे ३:४०), कमाल १०८, सर्वांत लांब अंतर १.७ सेकंद. व्हीपीसी २४ तासांत १३२, सगळे सुटे. क्यूटी स्वच्छ ठोक्यावर ४४०, आकार ठीक. आईचं रक्त पाठवलंय. नव्याने विचारल्यावर आई म्हणाली, दुपारी शाळेतून आल्यावर तासभर झोपते, 'पण ती शाळा सकाळची आहे ना'.

---

हिसबंडल

सकाळच्या शाळेची मुलं दुपारी झोपतात, त्यामुळे यावर आज काही ठरत नाही. सुट्टीत झोपते का ते विचारून ठेवा. बाकी आकडे आत्ता पेसमेकर न लावण्याच्या बाजूचे आहेत. बालहृदयरोगतज्ज्ञांकडे नोंद करून द्या. टू-डी इको आणि होल्टर वर्षातून एकदा, टीएमटीही तेवढ्यानेच, आणि मध्ये चक्कर आली तर त्याच दिवशी. वयाबरोबर हे केंद्र मंदावत जातं. आयुष्यभर पेसमेकर टळेल असं घरच्यांना सांगू नका. पौगंडात किंवा तरुणपणी बहुतेकांना तो लागतो, आणि आधी काहीच तक्रार नसलेल्यालाही बेशुद्धीचा पहिला झटका जिवावर बेतू शकतो, म्हणून तारखा चुकवायच्या नाहीत.

---

ट्रेडमिल_तिसरा_टप्पा

पुढच्या वर्षीची टीएमटी त्याच प्रोटोकॉलवर, दांडा न धरता. तुलना शेवटच्या आकड्याची नको, तिसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या मिनिटाची करा: वरची गती, खालची गती, बीपी, व्हीपीसी. या वेळची पट्टी थर्मल कागदावर असेल तर आजच झेरॉक्स काढून ठेवा, ती हळूहळू पुसट होत जाते.